‘आमची’ भाकर

प्रार्थना ही शिकवण्याची गोष्ट आहे काय? आपल्याकडचा भाविक बहुधा ‘नाही’ म्हणेल. हाक आतून यावी लागते, ती पढवून येत नाही. म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाचा आरंभ मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. येशू प्रार्थना आटोपतो आणि एक शिष्य त्याला विनवतो की, योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हांलाही शिकवा. पिढ्यान्‌पिढ्या स्तोत्रे म्हणत आलेल्या यहुदी समाजातला हा माणूस! येत असलेली गोष्ट त्याला नव्याने शिकावीशी वाटली, यातच त्या प्रसंगाचे मर्म आहे.

मिळालेली प्रार्थना तोकडी आहे. मत्तयात थोडी लांब, लूकमध्ये त्याहून आखूड. मी वाङ्मयाचा वाचक, ख्रिस्ती नव्हे. माझी नजर प्रथम जाते ती सर्वनामाकडे. मत्तयात आधी सांगितले आहे की, खोलीत जा, दार लावून घे आणि एकांतात प्रार्थना कर. मग जी प्रार्थना दिली तिच्यात ‘मी’ कुठेच नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचेच. दार लावून बसलेला एकटा माणूस अनेकवचनात बोलतो! शिकावे लागते ते हेच असावे. ‘मला दे’ हे कोणाला शिकवावे लागत नाही. शाळेत आम्ही ही प्रार्थना घोकून म्हणत असू, आणि भाकरीपाशी येताच प्रत्येकाचा आवाज चढे, तो स्वतःच्या भाकरीसाठी.

तुकोबांची तऱ्हा निराळी. तिथे ‘मी’ आणि ‘तू’ यांचे उघड भांडण आहे, रुसवा आहे, प्रसंगी शिव्याही आहेत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. भाषांतरित गीतांवर चाललेल्या मराठी उपासनेत त्यांनी अभंग आणून बसवला. हे काम मोठेच. तरीपण एक उणीव सांगितली पाहिजे : टिळक फार लवकर शांत होतात. अभंग रंगात येतो न येतो तोच समाधान हाती आलेले असते. लूकच्या त्याच अध्यायात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी मागणारा एक माणूस आहे. आतला मित्र कुरकुरतो, पण हा हटत नाही. हा गडी तुकोबांच्या जातकुळीचा. शिवाय त्या भाकरी त्याला स्वतःसाठी नकोत, घरी आलेल्या पाहुण्यासाठी हव्या आहेत. टिळकांच्या भजनांत तो मला क्वचितच भेटतो.

मला तो भेटतो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ही बाई त्याच्या मागोमाग गेली नाही. काही वर्षे दूर राहिली. परत आल्यावरही सोवळे सांभाळून होती. आधी ते सोवळे सुटले, बाप्तिस्मा पुढे आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ‘आमची’ या शब्दात कोणाकोणाला घ्यायचे, हा प्रश्न त्यांना देवळात पडला नाही, पाण्याच्या भांड्यापाशी पडला. आणि तो त्यांनी इतक्या हसत सांगितला आहे की, त्यामागची ओढाताण दुसऱ्या वाचनाशिवाय कळत नाही. प्रार्थनांचे शब्द त्या पुस्तकात मोजकेच आहेत. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे चालवले तेही लक्ष्मीबाईंनीच. पण प्रार्थनेविषयी काही विचारायचे असले की मी ‘स्मृतिचित्रे’च उघडतो.