मुद्दुपळनी आणि त्यांचे संपादक

तंजावरचे भोसले राजे प्रतापसिंह (इ. स. १७३९–१७६३) यांच्या दरबारीं मुद्दुपळनी या गणिका व कवयित्री होऊन गेल्या. 'राधिकासांत्वनमु' हें त्यांचें तेलुगु शृंगारकाव्य. राधेनें वाढविलेली इळा कृष्णास दिली जाते. पुढें राधाच मत्सरानें व विरहानें होरपळते आणि कृष्ण तिचें सांत्वन करितो, एवढें त्याचें कथानक. मराठी राजघराण्याच्या आश्रयानें ही रचना झाली असल्यामुळें तिच्या मुद्रणाचा इतिहास आमच्या वाचकांस परका वाटूं नये. काव्यगुणांचा निर्णय तेलुगु पंडितांवर सोपवून येथें आम्ही संपादनापुरतेंच बोलतों.

इ. स. १८८७ मध्यें पैडिपाटी वेंकटनरसू यांनीं हें काव्य छापविलें, त्यांत प्रास्ताविक व कांहीं पद्यें गाळलेलीं होतीं. गाळलेल्या भागांतच कवयित्रीचा आत्मपरिचय होता: आजी तंजनायकी यांच्यापासून आलेली परंपरा, विद्वानांकडून झालेला गौरव. कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनीं तर काव्याबरोबर कवयित्रीच्या आचरणावरही ठपका ठेविला. शेवटीं बेंगळूरु नागरत्नम्मा या देवदासी कुळांतील विख्यात गायिकेनें हस्तलिखित मिळवून इ. स. १९१० मध्यें संपूर्ण पाठ वाविळ्ल यांच्या छापखान्यांतून प्रसिद्ध केला. असाच शृंगार पुरुषांनीं लिहिला तर चालतो, मग लज्जेचा नियम एकट्या स्त्रीसच कां, असा त्यांचा सवाल होता. सरकारनें इ. स. १९११ मध्यें प्रती जप्त केल्या. बंदी उठली ती इ. स. १९४७ मध्यें.

आमच्या मतें पहिल्या आवृत्तीचा खरा दोष भीडस्तपणाचा नव्हे. शृंगाराचीं पद्यें वगळणारास निदान अश्लीलतेचें निमित्त सांगतां येईल. पण आजीच्या नांवांत अश्लील तें काय? वंशावळ गाळली, त्या अर्थी आक्षेप काव्यापेक्षां व्यक्तीलाच लागू पडला, असें म्हणणें भाग आहे. याच मुद्दुपळनींनीं आंडाळ यांच्या 'तिरुप्पावै'चेंही तेलुगु रूपांतर केलें. व्यवसायाच्या एका शब्दांत ज्यांची नोंद संपविली जाते, त्यांच्या वांट्याला असें अर्धेंच चरित्र येतें.

मात्र उलट बाजूची अतिशयोक्तिही आम्हांस मान्य नाहीं. दरबारी गणिका म्हणजे सर्वस्वीं स्वतंत्र स्त्री, असें चित्र अलीकडे रंगविलें जातें. जन्मानें किंवा दत्तविधानानें पदरीं पडणारा व्यवसाय आणि राजाच्या मर्जीवर चालणारी उपजीविका यांस स्वातंत्र्य म्हणणें धाडसाचें होईल. सन्मान मिळाला म्हणून पारतंत्र्य नव्हतें असें ठरत नाहीं. आणि पारतंत्र्य होतें म्हणून व्यक्तीची योग्यता उणी होत नाहीं. दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं मांडणें, हाच संशोधकाचा आदर.

हा प्रश्न आमच्या दप्तरांपासूनही दूर नाहीं. पेशवाईच्या कागदांत नाटकशाळा, कलावंतिणी, बटकी, कुणबिणी यांच्या नोंदी पदोपदीं आढळतात. कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचेही उल्लेख आहेत. असे कागद 'किरकोळ' म्हणून रुमालांत मागें सारण्याचा मोह संग्राहकांस होतो. आमची विनंती एवढीच कीं, नांव, आईचें नांव, बिदागी, इनाम, विक्रीची किंमत, जें कागदावर असेल तें अक्षरशः उतरावें. कलावंतीण आणि विकली गेलेली कुणबीण यांस एका शब्दांत कोंबूं नये. आपलीं विशेषणें मूळ पाठांत मिसळूं नयेत.

या लेखांत मुद्दुपळनींविषयीं आम्ही आदरार्थी बहुवचन योजिलें आहे. पंडितांस 'ते' आणि गणिकेस 'ती', हा भेद कागदाचा नसून आमच्या लेखणीचा आहे. तो सोडण्यास कोणत्याही नव्या पुराव्याची गरज नाहीं.