रक्तातली मागील बाकी

गोदावरीकाठचे पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गाव १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे देशभर ठाऊक झाले. कर्जमाफी आणि शेतमालाचा भाव हे त्या संपाचे मुख्य विषय होते. पुढच्या चार-पाच महिन्यांत, तिकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पहिल्या ठिकाणी हिशेब पैशाचा होता, दुसऱ्या ठिकाणी शरीराचा. पैशाच्या हिशेबात मागील बाकी लिहिल्याशिवाय वहीचे नवे पान सुरू होत नाही. फवारणी करणाऱ्याच्या शरीराच्या हिशेबात मात्र ती लिहिण्याची पद्धतच नाही. ही त्रुटी कायद्यातही आहे आणि तपासणीच्या अहवालातही. तिचे शास्त्र शाळेतल्या जीवशास्त्रावरून सहज समजते.

शेतकरी ज्यांना सरसकट ‘औषध’ म्हणतो, त्यांतील ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची कीटकनाशके एका विकरावर घाला घालतात. मज्जातंतूकडून स्नायूला संदेश मिळतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत. काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. विकर निकामी झाले तर ॲसिटिलकोलिन साचत जाते. लाळ सुटते, घाम येतो, बाहुल्या आकुंचित होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडतो. किडा याच मार्गाने मरतो आणि माणूसही.

मज्जातंतू कापून तपासता येत नाहीत. पण तेच विकर तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरही असते, म्हणून थोड्याशा रक्तावरून मज्जासंस्थेत काय चालले आहे याचा अंदाज येतो. शिवाय तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे ती नवे विकर बनवू शकत नाही. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. निकामी झालेल्या विकराची भरपाई नव्या पेशी येतील तशीच, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का या गतीने होते. आठवड्याला एक फवारणी करणाऱ्याची तूट म्हणूनच साठत जाते. त्याला काही जाणवत नसले तरी पुढची फवारणी तो कमी शिल्लकीवर करत असतो.

आता कायदा पाहू. कीटकनाशक नियम, १९७१ मधील ३७ वा नियम वैद्यकीय तपासणीविषयी आहे. त्याचे श्रेय आधी द्यायला हवे. योग्य चाचणीचे नाव त्यात आहे आणि ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांसाठी ती महिन्यातून किमान एकदा करावी असेही म्हटले आहे. पण कोणाची? उत्पादन करणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. तपासणीच्या सर्वसाधारण वाक्यात फवारणी करणाऱ्यांचा उल्लेख येतो, पण दरमहा रक्तचाचणी कारखान्याच्या फाटकापाशी थांबते. डबा फाटकातून बाहेर पडतो, शेताच्या बांधावर उघडला जातो, बादलीत ढवळला जातो आणि पंपातून पाठीवर चढतो. तिथे ना हजेरीपट आहे ना तपासणीची नोंदवही. आज या शेतात तर उद्या त्या शेतात जाणाऱ्या मजुराचा मालक कोण, हाच जिथे प्रश्न, तिथे जबाबदारी कोणाची?

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. पहिले मोजमाप कधी घ्यायचे आणि किती घटीला काम थांबवायचे, हे नियम सांगत नाही. या विकराची पातळी माणसामाणसांत बरीच वेगळी असते. त्यामुळे प्रयोगशाळेची ‘सामान्य मर्यादा’ ऐसपैस ठेवावी लागते. समजा, ती २० ते ४० एकक आहे. एका मजुराची हंगामापूर्वीची पातळी ४० होती, दुसऱ्याची २३. हंगामाअखेर दोघांचीही २२ आली. दोघांच्या अहवालावर ‘सामान्य’ असाच शेरा पडेल. प्रत्यक्षात पहिल्याने ४५ टक्के विकर गमावले आहे, दुसऱ्याने जेमतेम चार. हा फरक दिसण्यासाठी पहिला आकडा हवा, तोही फवारणी सुरू होण्याआधीचा. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून हीच पद्धत शेतातील फवारणीसाठी लागू केली. तेथे तांबड्या पेशींतील विकर स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्के किंवा त्याखाली गेले की त्या माणसाला या औषधांपासून दूर ठेवतात. आपल्या उदाहरणातील पहिला मजूर ५५ टक्क्यांवर आहे, म्हणजे तो केव्हाच थांबायला हवा होता.

मात्र चाचणीकडे जादूची कांडी म्हणून पाहू नये. कार्बामेटने अडवलेले विकर काही तासांत मोकळे होते, त्यामुळे रक्त उशिरा घेतल्यास बाधा दिसतच नाही. पायरेथ्रॉइड कीटकनाशके किंवा द्राक्षबागेत वापरली जाणारी मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके या चाचणीच्या कक्षेबाहेरची आहेत. त्यांच्यासाठी पांढऱ्या पेशींतील गुणसूत्रांची मोडतोड मोजतात. आंध्र प्रदेशातील द्राक्षमळ्यांतील कामगारांवर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी मोडतोड अधिक आढळली होती. पण तो निष्कर्ष समूहाला लागू होतो. अमुक एका माणसाला पुढे कर्करोग होईल की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. समूहाचे माप व्यक्तीच्या माथी मारणे हीसुद्धा चूकच.

‘घातक औषधांवर बंदी घाला, चाचणी कशाला?’ असा आक्षेप येईल. मोनोक्रोटोफॉसच्या सर्वाधिक प्रचलित द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. पण त्या गटातील इतर औषधे वापरात आहेत आणि पाठीवरचा पंप उतरलेला नाही. याहून कठीण प्रश्न मजुरीचा आहे. रक्तातील घट पाहून माणसाला महिनाभर थांबवले, तर त्याचे घर कसे चालायचे? याचे उत्तर न देता चाचणी लादली, तर मजूर रक्त द्यायलाच टाळाटाळ करील आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून खंडित मजुरीची तरतूद हा चाचणीचाच भाग मानला पाहिजे.

शिक्षकांना येथे करण्यासारखे बरेच आहे. दहावीच्या वर्गात तांबड्या पेशीचे आयुष्य शिकवताना वरचे ४० आणि २३ चे गणित फळ्यावर मांडावे. दिवसाला एक टक्का भरपाई धरली तर पहिल्या मजुराला ७० टक्क्यांवर परतायला किती दिवस लागतील, ते मुलांना काढू द्यावे. सुमारे १५ दिवस हे उत्तर येईल, पण मधल्या काळात एकही फवारणी झाली नाही तरच. पुणतांब्यासारख्या गावांत वर्गातील कित्येकांचे वडील, भाऊ या हंगामात पंप घेऊन शेतात असतात. मुले ते उत्तर घरी नेतील. मग पेरणीच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन पहिला आकडा मजुराच्या हातातल्या कार्डावर लिहून द्यावा, ही मागणी ग्रामसभेत मांडायला कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.