स्तंभ आणि उत्सर्जन : उपग्रहांवरून होणाऱ्या अमोनिया-मापनाची एक चिकित्सा

ब्रुसेल्स येथील विद्यापीठातील मार्टिन व्हान डाम, लिव्हेन क्लारिस व त्यांचे सहकारी ह्यांचा एक निबंध डिसेंबर २०१८ मध्ये ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. जवळजवळ एका दशकाच्या उपग्रह-निरीक्षणांवरून तयार केलेला वातावरणातील अमोनियाचा जागतिक नकाशा हा त्याचा विषय होय. पन्नास किलोमीटरांहून कमी व्यासाची २४८ उगमस्थाने लेखकांनी ह्या नकाशावर निश्चित केली आहेत. त्यांपैकी १३० उद्योगांशी, विशेषतः खतकारखान्यांशी, निगडित असून ८३ स्थानांचा संबंध दाट पशुपालनाशी आहे. निसर्गनिर्मित स्थान एकच आढळले. ‘एडगर’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक उत्सर्जन-सूचीशी तुलना करता ह्या स्थानांपैकी दोनतृतीयांशांचे उत्सर्जन सूचीत निदान दहापटीने कमी धरले गेले आहे, असा लेखकांचा निष्कर्ष आहे. उत्सर्जन-सूचींची मुळापासून फेरतपासणी झाली पाहिजे, ही त्यांची मागणी त्यातूनच आली.

निबंधाचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु त्यात दोन निरनिराळ्या जातींची विधाने एकत्र नांदत आहेत. अमोनिया कोठून येतो हे सांगणारे विधान एका जातीचे, आणि किती येतो हे सांगणारे दुसऱ्या जातीचे. ह्या दोहोंचा पाया सारखा भक्कम नाही. प्रस्तुत टिपणाचा हेतू एवढाच भेद स्पष्ट करण्याचा आहे, कारण पुढील अनेक लेखनांत तो पुसला गेलेला दिसतो. आपल्या देशासंबंधी बोलताना तर तो हमखास पुसला जातो.

प्रथम उपकरणाकडे वळू. ‘इयासी’ हा अवरक्त वर्णपटमापक युरोपच्या मेटॉप उपग्रहांवर बसविलेला आहे. त्यांपैकी पहिला उपग्रह २००६ मध्ये अवकाशात गेला व २०२१ मध्ये निवृत्त झाला. दुसरा २०१२ मध्ये व तिसरा २०१८ मध्ये सोडण्यात आला. स्थानिक घड्याळाप्रमाणे सकाळी व रात्री साडेनवाच्या सुमारास तो एखाद्या प्रदेशावरून जातो. त्याच्या दृष्टीचा एक ठिपका थेट खाली पाहताना सुमारे १२ किलोमीटर व्यासाचा असतो. अमोनियाच्या रेणूतील नायट्रोजनचा अणू तीन हायड्रोजन-अणूंच्या प्रतलाच्या आतबाहेर हेलकावतो आणि ह्या कंपनामुळे तो रेणू सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण शोषून घेतो. जमिनीपासून वर निघालेल्या उष्णतेतील नेमकी ही उणीव उपग्रह टिपतो.

येथेच पहिली मेख आहे. वायू जे प्रारण शोषतो ते स्वतःच्या तापमानानुसार परतही टाकतो. जमीन व तिच्यालगतची हवा ह्यांचे तापमान समान असेल, तर घेतलेले आणि दिलेले ह्यांची फिटंफाट होऊन वर्णपटावर खूणच उरत नाही. काळ्या घोंगडीवरील काळा दोरा दुरून दिसू नये, तशातला हा प्रकार. दोरा नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तापमानाचा हा फरक दिवसा अधिक व रात्री बहुधा अल्प असतो, म्हणून नकाशे प्रायः सकाळच्या निरीक्षणांवर आधारलेले असतात. शिवाय जे मोजले जाते ते एका चौरस सेंटिमीटर जमिनीवर उभ्या असलेल्या संपूर्ण वायुस्तंभातील रेणूंची संख्या. नाकाशी येणारी हवा किती दूषित आहे हे त्यावरून ठरविण्यासाठी उंचीनुसार वायूची वाटणी गृहीत धरावी लागते. भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत अमोनियाची मर्यादा चोवीस तासांसाठी दर घनमीटरास ४०० व वार्षिक सरासरीसाठी १०० मायक्रोग्रॅम अशी घातलेली आहे. उपग्रहाचा आकडा ह्या मर्यादेशी सरळ ताडून पाहता येत नाही, ही गोष्ट वर्तमानपत्री लेखकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

इतक्या अडचणींतून लेखकांनी स्थाननिश्चिती कशी साधली, हा भाग मात्र मुळातून वाचण्याजोगा आहे. बारा किलोमीटरांचा ठिपका दररोज नेमका त्याच जागी पडत नाही. तो थोडा सरकतो, त्याचा आकारही बदलतो. नऊ-दहा वर्षांचे असे एकमेकांवर पडलेले लक्षावधी ठिपके सरासरीस लावले, की एका ठिपक्याहून कितीतरी सूक्ष्म तपशील उमटू लागतो. ज्या नकाशावर पूर्वी नुसते धूसर पट्टे दिसत, तेथे एकेकटा कारखाना वेगळा काढता येऊ लागला. सूचीत मुळीच नसलेले किंवा भलत्याच जागी नोंदलेले कारखाने अशा रीतीने उघडकीस आले. एकमेव निसर्गनिर्मित स्थान म्हणजे टांझानियातील नेट्रॉन सरोवर. त्याच गटाने २०१९ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि ह्या अमोनियाचा माग सरोवराकाठच्या क्षारयुक्त चिखलवटीपर्यंत लावला. तापलेला व तीव्र अल्कधर्मी चिखल आणि त्यात कुजणारे सेंद्रिय द्रव्य हे त्याचे कारण. नवसागरात चुना मिसळला की नाकाला झोंबणारा वायू सुटतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेथील रसायन तत्त्वतः ह्याहून फार निराळे नाही. ह्या साऱ्या स्थाननिर्णयाविषयी आम्हांस शंका नाही.

शंका आहे ती परिमाणाविषयी. स्तंभातील साठ्यावरून उत्सर्जन काढण्याची लेखकांची रीत सोपी आहे : साठ्याला अमोनियाच्या वातावरणातील आयुर्मानाने भागावयाचे. हौदात किती पाणी आहे आणि ते किती वेळात निघून जाते हे कळले, की नळाची धार किती हे सांगता येते. परंतु हौद किती वेळात रिकामा होतो, हे उपग्रह पाहत नाही. लेखकांनी आयुर्मान सर्वत्र अर्धा दिवस, म्हणजे १२ तास, धरले. पुढच्याच वर्षी एन्रिको डामर्स व सहकाऱ्यांनी वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या लोटांच्या आकारावरून मोठ्या उगमस्थानांजवळचे आयुर्मान काढले. ते सरासरी २.३५ तास भरले. इतर सर्व सारखे धरल्यास भाजक एवढा बदलल्याने उत्सर्जन सुमारे पाचपट होते. ह्याने व्हान डाम ह्यांच्या आक्षेपाला बाध येत नाही, उलट बळच येते, कारण सूचीतील उणेपणा त्यांनी सांगितला त्याहूनही मोठा ठरतो. परंतु ज्या आकड्याचे अर्धे सामर्थ्य भाजकात आहे, तो आकडा ‘उपग्रहाने मोजलेला’ म्हणून मांडणे आम्हांस रास्त वाटत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. हा भाजक सर्वत्र सारखा नाही. अमोनियाला वायुरूपातून काढून घेणारी मुख्य द्रव्ये म्हणजे गंधकाम्ल व नत्राम्ल. ती जेथे विपुल तेथे अमोनियाचे सूक्ष्म क्षारकण बनतात आणि उपग्रहाला तो दिसेनासा होतो. ती जेथे तोकडी व हवा उष्ण, तेथे तो वायुरूपातच रेंगाळतो. जगातील सर्वांत मोठे अमोनिया-स्तंभ सिंधू-गंगेच्या मैदानावर आढळतात, आणि त्यावरून भारत हा जगातील सर्वांत मोठा उत्सर्जक असल्याचे सर्रास लिहिले जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासाने पावसाळी महिन्यांसाठी ह्या मैदानाची उत्तर चीनच्या मैदानाशी तुलना केली. दर चौरस किलोमीटरामागे उत्सर्जन उत्तर चीनमध्ये अधिक, तर स्तंभ गंगेच्या मैदानावर कितीतरी अधिक, असा उलटा प्रकार त्यांना आढळला. आम्लद्रव्यांची तुलनेने कमतरता व उच्च तापमान ही त्याची प्रमुख कारणे त्यांनी दाखविली. चीनचाच पुढचा इतिहास ह्यास पुष्टी देतो. गेल्या दशकात तेथे सल्फर डायऑक्साइडवर कडक नियंत्रण आले आणि उत्सर्जनात तेवढी वाढ नसताना अमोनियाचे स्तंभ चढत गेले. हवा एका अंगाने शुद्ध झाली म्हणून दुसऱ्या अंगाने दूषित ‘दिसू’ लागली.

तेव्हा स्तंभांच्या उंचीवरून देशांची क्रमवारी लावणे हे भाजक विसरून भागाकार करण्यासारखे आहे. ह्याचा अर्थ गंगेच्या मैदानात युरियाचा अतिरेक नाही, असा मुळीच नव्हे. तो आहेच. सवलतीत मिळणारा युरिया शेतात वरून फेकला जातो आणि त्यातला बराच नत्र पिकाला न लागता उडून जातो. परंतु तो किती उडतो, हे नुसता लाल रंगाचा पट्टा दाखवून सिद्ध होत नाही. सल्फर डायऑक्साइडवर निर्बंध आणताना स्तंभ वाढलेले दिसले, तर ते शेतकऱ्याच्या माथी मारले जाऊ नयेत, एवढ्यासाठी तरी हा विवेक हवा.

महाराष्ट्रापुरता आणखी एक प्रश्न उरतो. खरिपाच्या कापसाला व भाताला युरियाची मात्रा मुख्यतः जुलै-ऑगस्टात दिली जाते. नेमके ह्याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असते आणि ढगाळ निरीक्षणे गाळूनच नकाशे बनतात. जे दिवस उरतात ते उघडिपीचे, म्हणजे ऊन पडून जमिनीतून अमोनिया अधिक उडण्याचे. भिजपावसाच्या दिवसांचा पुरावा जवळजवळ नसतोच. अशा सरासरीला पावसाळ्याची सरासरी म्हणणे धाडसाचे होईल. वेळेचाही प्रश्न आहे. सकाळी साडेनऊला उन्हाचा जोर चढावयाचा असतो. अमेरिकेचा ‘क्रिस’ हा मापक दुपारी दीडच्या सुमारास जातो, आणि दोहोंच्या आकड्यांतील काही तफावत तेवढ्यावरूनच उद्भवते. चीनच्या भूस्थिर उपग्रहावरील मापकाचा उपयोग करून क्लारिस व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पूर्व आशियावरील अमोनियाचा दिवसाच्या प्रहरांनुसार होणारा चढउतार प्रथमच दाखविला. युरोपसाठी तसाच मापक जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेला. विदर्भातल्या कापसाच्या शेतात जुलै महिन्यात, ढगांखाली, जमिनीवर उभे राहून केलेल्या मोजणीची जागा ह्यांपैकी कोणताही मापक घेऊ शकत नाही. आणि अशी मोजणी करावयास उपग्रह लागत नाही.