खरेपणाचं खातं

भाचा आयईएलटीएसच्या तयारीला लागलाय. परवा भिंगारला आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही परीक्षक व्हा." आम्ही बँकेतले कारकून, दिवसभर लोकांना प्रश्नच विचारतो. झालो परीक्षक!

पहिला प्रश्न : लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? भाचा इंग्रजीत घडाघडा सुटला. सायकल आरोग्याला बरी, धूर नाही, पेट्रोल वाचतं. म्हटलं, "अरे, पण होती की नव्हती?"

"नव्हती. पण क्लासच्या उत्तरात हेच आहे."

आता काय बोलणार! अकरा ते चौदा मिनिटांच्या त्या तोंडी परीक्षेत गुणांची खाती चारच : ओघ, शब्दसंग्रह, व्याकरण आणि उच्चार. खरेपणाचं खातं उघडलेलंच नाही. प्रश्न झकास आहे हो. माझी तक्रार त्या छापील उत्तराबद्दल. त्यात सायकल आहे, पण तिच्यावर कुणी बसलेलंच नाही.

मग मीच उत्तर दिलं. भाड्याची सायकल, नळीखालून घातलेला पाय, किल्ल्याचा रस्ता, समोरून लष्कराचा ट्रक आणि मी खंदकाच्या बाजूला आडवा! सायकल एकदा पडली, व्याकरण तीनदा.

भाचा पोट धरून हसला. मग अडखळत, चुकत, इंग्रजीतच म्हणाला, "आई दर दिवाळीला म्हणायची, पुढच्या वर्षी घेऊ."

त्याची आई म्हणजे माझी सख्खी बहीण. मला पत्ताच नव्हता.

परीक्षक या नात्यानं मी त्याला नऊपैकी नऊ दिले, आणि माझ्या नावे एक सायकल टाकली.