डायोड : एकेरी झडपेची अर्धी गोष्ट

'डायोड ही विजेची एकेरी झडप आहे' हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे. सोबत अर्धतरंग एकदिशकारकाचा आलेख : वर टेकड्या, खाली सपाट रेघ. नवख्याला हे चित्र सोयीचे आहे. आक्षेप आहे तो धडा तिथेच संपण्याला.

बाजारात मिळणारे दोन डायोड घ्या, १एन४००७ आणि यूएफ४००७. दोघांची क्षमता १ अँपिअर, १००० व्होल्ट. पुस्तकाच्या हिशेबाने ही जुळी भावंडे. पण स्विचिंग पुरवठ्यातला जळालेला यूएफ४००७ काढून तिथे १एन४००७ बसवला, तर तो भरमसाट तापतो. कधी ट्रान्झिस्टरलाही घेऊन जातो. असे का, याचे उत्तर पुस्तकात नाही.

डायोडमधून धारा वाहत असताना संधीच्या आसपास इलेक्ट्रॉन आणि होल यांचा साठा झालेला असतो. व्होल्टता उलटली तरी तो लगेच नाहीसा होत नाही. तो ओढला जाईपर्यंत किंवा परस्परांत विलीन होईपर्यंत डायोडमधून उलटी धारा वाहते. १एन४००७ मध्ये याला काही मायक्रोसेकंद लागतात, यूएफ४००७ मध्ये सुमारे ७५ नॅनोसेकंद. घरच्या ५० हर्ट्‌झ विजेचे अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे. तिथे मायक्रोसेकंद कोण मोजतो? पण १०० किलोहर्ट्‌झला अख्खे आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचे! झडप मिटते न मिटते तोच उघडायची वेळ होते.

वरच्या वर्गांची पुस्तके या काळाचा एक आकडा देऊन मोकळी होतात. वास्तविक तो धारेवर, ती किती झपाट्याने उलटते यावर आणि तापमानावर अवलंबून असतो. सिलिकनमध्ये सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अणू मिसळले की साठा लवकर विरतो. वेग मात्र फुकट मिळत नाही. १ अँपिअरला १एन४००७ वर फार तर १.१ व्होल्ट पडतात, यूएफ४००७ वर १.७ पर्यंत.

गंमत म्हणजे झडपेची उपमा मुळात वाईट नाही. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्हसुद्धा मिटेपर्यंत थोडे पाणी मागे जाऊ देतोच. फक्त डायोडमध्ये हलणारे पाते नसते, हे सांगायला हवे.

शाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयात ऑसिलोस्कोप असेल तर १एन४००७ आणि १ किलोओहमचा रोध एकसरीत जोडून सिग्नल जनरेटरचे ५ व्होल्ट द्या आणि रोधावरचा तरंग पाहा. ५० हर्ट्‌झला पुस्तकातलाच आलेख दिसेल. वारंवारता १० किलोहर्ट्‌झच्या पुढे न्या. सपाट रेघेखाली खड्डा उमटू लागेल. मग त्या जागी १एन४१४८ लावा. खड्डा गायब होईल.