सातवा माणूस आणि त्याच्या घरची माणसे

जॉन बर्जर यांचा मजकूर आणि ज्याँ मोर यांची छायाचित्रे असलेले 'अ सेव्हन्थ मॅन' हे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये अंगमेहनत करणाऱ्या दर सात कामगारांत एक परदेशातून आलेला होता. शीर्षकाचा अर्थ तोच. १९७२ च्या बुकर पारितोषिकाची अर्धी रक्कम बर्जर यांनी ह्या पुस्तकाच्या कामी लावली.

पुस्तकाचे खरे बळ त्यातील हिशेबात आहे. यजमान देशाला कामगार मिळतो तो वाढून तयार झालेला. त्याच्या बाळपणाचा, दुखण्याखुपण्याचा, रोजच्या भाकरीचा खर्च तुर्कस्तानातील वा पोर्तुगालमधील एखाद्या गरीब गावाने सोसलेला असतो. तरुणपणी तो परमुलखात राबतो. म्हातारपण पुन्हा त्याच गावाच्या पदरात. शिवाय तळाची कामे तो उचलतो म्हणून स्थानिक कामगार एक पायरी वर चढतो. परके आमच्या तोंडचा घास पळवतात, ही ओरड करणारा बहुधा ह्या वरच्या पायरीवरूनच बोलत असतो!

आर्मांदो रॉद्रिगिश द सा हा पश्चिम जर्मनीचा दहा लाखावा 'पाहुणा कामगार'. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या स्थानकावर त्याला मोपेड भेट देण्यात आली. ती आज बॉनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगालला परतल्यावर त्याला कर्करोग झाला, साठवलेला पैसा उपचारांत गेला आणि १९७९ साली तो वारला. बर्जर यांच्या हिशेबाला ह्याहून चोख पुरावा नाही.

मोर यांच्या छायाचित्रांत इस्तंबूल येथे उमेदवार कामगार उघड्या अंगाने डॉक्टरांपुढे उभे आहेत. आखाती नोकरीसाठी तपासणीच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्यातील कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाहीत. चोरून सीमा ओलांडणारा पोर्तुगीज आपले छायाचित्र फाडून अर्धे वाटाड्याला देतो. सुखरूप पोहोचल्यावर दुसरे अर्धे घरी धाडतो. दोन्ही तुकडे जुळले की वाटाड्याचे पैसे चुकते होतात.

परंतु जाणे, काम आणि परतणे अशा तीन भागांच्या ह्या पुस्तकातील माणसाला नाव नाही. तो केवळ 'तो'. युरोपात सुमारे वीस लाख स्थलांतरित कामगार स्त्रिया असाव्यात, असे बर्जर स्वतःच नोंदवतात आणि त्यांच्यासाठी निराळे पुस्तक हवे, असे म्हणून पुढे जातात. ही सूट महागात पडली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीने भरती थांबवली. एकदा परत गेलो तर पुन्हा येणे नाही, ह्या धास्तीने अनेकांनी जाणेच टाळले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. १९५५ ते १९७३ ह्या काळात आलेल्या सुमारे १ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी १० लाख परतले. जर्मनीचा समाज बदलला तो उरलेल्यांच्या संसारांमुळे. शाळांतील वर्ग बदलले, मोहल्ले बदलले. २००० सालापासून परकीयांच्या तेथे जन्मलेल्या मुलांना, अटी घालून का होईना, जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. ह्या बदलाची चाहूल पुस्तकाला लागत नाही, कारण स्वयंपाकघर आणि पाळणा त्याच्या चौकटीबाहेर आहेत.

युरोपाच्या बाबतीत अपुरे ठरलेले हे पुस्तक आखाताला मात्र नेमके लागू पडते. तेथे मजुराला नागरिकत्वाची वाट जवळजवळ बंदच असते. पण गोव्याहून कुवेतला घरकामासाठी गेलेल्या बाया तेथेही पुस्तकाबाहेरच राहतात.