पुनःश्रवणाची कसोटी

ग्रंथाचे मोल पुनर्वाचनात कळते, हे आपण सारेच मानतो. ध्वनिमुद्रिकांना मात्र ही कसोटी लावण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही. नवी ध्वनिफीत निघाली की प्रकाशनाचा सोहळा होतो, चार कौतुकाची भाषणे होतात; दहा वर्षांनी ती कोणी ऐकते का, हे कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारू इच्छितो. त्यासाठी तीस-पस्तीस वर्षे ज्यांची साथ सुटली नाही असे दोन संग्रह घेतले आहेत, आणि जिची साथ वर्षभरात सुटली अशी एक ध्वनिफीतही घेतली आहे.

पहिला संग्रह सर्वपरिचित आहे. 'अभंग तुकयाचे' ही सत्तरच्या दशकातील ध्वनिमुद्रिका. शब्द तुकोबांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे, स्वर लता मंगेशकर यांचा. गुरुविद्यालयात असताना एका सहाध्यायाकडून ही कॅसेट आमच्या हाती आली. त्या वयात आम्ही त्यात काय ऐकले? केवळ आवाज. चित्रपटगीतांतून ओळखीचा झालेला तो स्वर येथे इतका संयत, इतका निरलंकार कसा, याचेच नवल वाटे. शब्दांकडे लक्ष नव्हते, चालींकडेही फारसे नव्हते.

चाली कळू लागल्या त्या पुढे काही वर्षांनी, त्या गुणगुणण्याचा प्रयत्न फसू लागला तेव्हा. खळे यांच्या चाली ऐकताना सोप्या वाटतात. गायला बसले की पुढचा स्वर अपेक्षित ठिकाणी सापडत नाही. भजनाच्या नेहमीच्या ठेक्यावर अभंग चढविला की तो आपोआप पुढे सरकतो आणि ऐकणाराही त्याबरोबर वाहत जातो. खळे असे वाहू देत नाहीत. ओळीचा अर्थ जिथे वळतो तिथे चालही वळते, आणि त्या वळणावर ऐकणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. हे कळायला आम्हांला पाच-सहा वर्षे लागली.

आणि शब्द? शब्द कळले ते केदारखेड्यात. जालना-भोकरदन रस्त्यावरच्या या गावी धर्मगुरू म्हणून आलो तेव्हा ही कॅसेट आम्हांला पाठ आहे असा आमचा समज होता. 'भेटीलागी जीवा' या अभंगात तुकोबा विठ्ठलभेटीच्या तळमळीला एकामागून एक दृष्टान्त देतात. चंद्राची वाट पाहणारा चकोर, दिवाळीची वाट पाहणारी सासुरवाशीण, आणि भुकेलेले मूल. यांतील दुसऱ्या दृष्टान्तात 'मूळ' असा शब्द येतो. त्याचा आम्ही 'कारण' असा काहीतरी अर्थ लावून पुढे जात असू. कापूसवेचणीचे दिवस होते. एका आजारी वृद्धेला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी गेलो असता ती म्हणाली, "फादर, औंदा दिवाळीला लेकीला मूळ धाडावं तर घरात एक गडीमाणूस न्हाई." मुलगे ऊसतोडीला गेले होते.

मूळ म्हणजे लेकीला माहेरी आणण्यासाठी पाठविलेले माणूस. त्या रात्री पुन्हा कॅसेट लावली. ती लेक आता केवळ सणाची वाट पाहत नव्हती. ती उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. आपल्याला न्यायला येणारे माणूस दिसते का, हे पाहत होती. आणि ते माणूस येणारच नाही, अशीही शक्यता होती. लताबाईंनी तो शब्द पहिल्या दिवसापासून स्वच्छ उच्चारला होता. आम्हीच तो ऐकला नव्हता.

येथे आम्हांला संत ऑगस्टीनची आठवण होते. आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात तो कबूल करतो, की उपासनेत गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले, तर आपण अपराध केला असे त्याला वाटते. ही भीती खरी आहे. परंतु आमचा अनुभव असा, की उत्तम गाणे या अपराधाची भरपाई स्वतःच करते. आवाजासाठी आलेल्याला ते चालीपाशी नेते आणि चालीसाठी थांबलेल्याला शब्दापाशी. फक्त त्याला वर्षे द्यावी लागतात, आणि तेवढी वर्षे टिकेल असे काही त्या शब्दात असावे लागते.

आक्षेप असा येईल, की सारे शब्दावरच असेल तर ज्यात शब्दच नाहीत त्याचे काय? म्हणून दुसरा संग्रह. 1967 साली एच.एम.व्ही.ने काढलेला 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत यात उलगडतो. प्रत्येक राग आपल्या वेळी येतो. प्रहरांच्या प्रार्थनेची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना ही रचना लगेच आपलीशी वाटते. यातील एकेक तुकडा सुटा ऐकला तर तो गोड लागतो, एवढेच. सलग ऐकले तर दिवस सरल्याची हुरहूर लागते. आज मोबाइलवर गाणी सुटी सुटी ऐकण्याची सवय जडली आहे. तीत नेमके हेच हरवते.

काब्रांची गिटार आम्ही अधिक लक्षपूर्वक ऐकतो, कारण हे वाद्य आपल्या चर्चमध्ये ठायी ठायी आहे. आपण तिच्यावर तालाचे झणत्कार काढतो. काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली, तारांवरून सळई सरकविली आणि परक्या वाद्यातून रागाची मींड काढली. वाद्य परके असून भागले, कारण त्यांनी त्याला आपल्या संगीताचे उच्चारण शिकविले.

येथे कोणी म्हणेल, की फादर, ही तुमच्या तरुणपणाची आठवण बोलते आहे. ही शंका आम्ही स्वतःवरही घेतली. परंतु त्याच काळात, तितक्याच हौसेने ऐकलेल्या कितीतरी कॅसेटी आज लावल्या तर दुसरे गाणे संपेपर्यंतही बसवत नाही. आठवण तर त्यांनाही जडलेली आहे. मग त्या का टिकल्या नाहीत?

त्यांत एक आमची आहे. दीक्षेनंतरच्या पहिल्या उत्साहात आम्ही काही मित्रांसह नाताळगीतांची एक कॅसेट काढली. तीन गीते आमची होती. त्या नाताळात ती घरोघर वाजली. पुढच्या नाताळात तिची कोणी चौकशीही केली नाही. पुष्कळ वर्षे आम्ही याचा दोष विक्रीव्यवस्थेला दिला. अलीकडे ती पुन्हा ऐकली. कीबोर्डच्या तयार ठेक्यावर सर्व गाणी एकाच चालीने धावतात. ते एक वेळ सोडून देऊ. आमची गीते वाचली आणि मान खाली गेली. 'कृपासिंधू', 'दिव्य तेज', 'पापतिमिर' असे शब्द एकास एक जोडलेले. चुकीचे काहीच नव्हते. पण त्यांत 'मूळ'सारखा एकही शब्द नव्हता, जो केदारखेड्यातील एखाद्या वृद्धेच्या तोंडी उद्या सापडेल आणि गाणे नव्याने उघडेल. पहिल्या श्रवणात जेवढे कळले तेवढेच त्यात होते.

1963 साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे सांगितले. आपण त्याचा अर्थ पेटी-तबला असा घेतला. परंपरा वाद्यांत असते तशी घरच्या बोलीतही असते, हे आपल्या ध्यानी उशिरा आले. फादर स्टीफन्स यांना ते 1616 सालच्या 'ख्रिस्तपुराणा'त कळले होते. त्यांनी ओवी घेतली. रेव्हरंड ना. वा. टिळकांना (1861-1919) कळले होते. त्यांची भजने कोणत्याही ध्वनिफितीच्या आधाराशिवाय मंडळ्यांतून आजवर गायिली जात आहेत.

यंदा आमचा गायनवृंद नवी गीते मागतो आहे. मुलांनी मोबाइलवर तालही निवडून ठेवला आहे. आम्ही त्यांना थोडे थांबायला सांगितले आहे, आणि ती वृद्धा आता नसली तरी तिच्या वयाच्या ज्या बाया गावात आहेत त्यांच्या ओसरीवर वही घेऊन बसायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत पान दीड पान शब्द जमले आहेत. गीत अजून एकही झालेले नाही.